तुळशीखालची खोली

बाबली गवंडी कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघायचा. माणसांकडे नंतर. बारसे असो की सत्यनारायण, उंबरठ्याच्या आत पाऊल पडले की त्याची मान मागे जायची. छत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघून झाल्यावरच तो "बरी आसात?" म्हणायचा. लोक चेष्टा करायचे. "बाबली, वर पाल आहे की पाहुणी?" तो हसायचा नाही. जेवायला बसतानाही डोक्यावर छताचा कुठला भाग येतो ते बघून जागा निवडायचा.

ही सवय त्याला जन्मापासूनची नव्हती. ती कधी लागली ते मला तारखेनिशी ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी गच्चीच्या जिन्यात उभी होते.

बाबली इब्रामपूरचा. त्याचा बाप मोपाच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, जांभ्या दगडाचे चिरे काढायचा आणि बाबली लहानपणापासून ते डोक्यावरून वाहायचा. चिरा चांगला की पोकळ हे तो वाजवून सांगायचा. बुटका, काळाभोर, बोटांना सिमेंटने पडलेल्या भेगा, खांद्यावर पंचा आणि गालात सुपारीचे खांड. बोलणे कमी. गोवा मुक्त झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढच्या काही वर्षांत खाणींमुळे डिचोलीत वस्ती वाढली, भाड्याच्या खोल्यांना मागणी आली आणि ज्याला त्याला कौलांऐवजी सिमेंटचे छप्पर हवे झाले. आमची इमारत १९६७ सालची. चिऱ्याच्या भिंती, दोन मजले, आठ बिऱ्हाडे आणि वर सपाट गच्ची. ती गच्ची म्हणजे बाबलीच्या हातचा पहिला स्लॅब.

इमारतीला अंगण नव्हते. आठ घरे आणि तुळस एकही नाही, हे चंद्रावतीकाकींना सहन होईना. काकी तळमजल्यावरच्या, आमच्यात वयाने सर्वांत मोठ्या, डिचोलीच्या जुन्या दुकानदार घराण्यातल्या. आम्ही सगळे राहायला आलो त्याच महिन्यात त्यांनी बाबलीकडून गच्चीवर वृंदावन बांधून घेतले. कंबरेएवढे, चारी बाजूंना कोनाडे, वर गेरूचा रंग. आठ घरांची एक तुळस. रोज सकाळी आंघोळ करून प्रत्येक घरातली बाई तांब्या घेऊन वर जायची. मीही जायचे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागायचे तेव्हा गच्चीवर उभे राहायला जागा नसायची.

डाग पहिल्यांदा दिसला तो १९७८ साली, माझ्या शेजारच्या जानकीच्या खोलीत. ती आणि मी वरच्या मजल्यावर, म्हणजे गच्चीच्या थेट खाली. सुरुवातीला डाग भाकरीएवढा होता, मग परातीएवढा, मग त्याला कडा राहिल्या नाहीत. कुणी म्हणाले पाऊस मुरतो. कुणी म्हणाले खनिजाचे ट्रक दिवसभर रस्त्याने जातात, इमारत हादरते, तडे जातात. घरमालक दुसऱ्या गावी राहायचा. पत्र टाकले की माणूस पाठवून वृंदावन सोडून उरलेल्या गच्चीवर डांबर फासून घ्यायचा. आणि दर मे महिन्यात बाबली न बोलावता यायचा, जानकीच्या छताचा सुटलेला गिलावा खरवडायचा आणि नवा थर द्यायचा. मजुरी घ्यायचा नाही. जानकी त्याला देवमाणूस म्हणायची. मला मात्र एक गोष्ट खटकायची. काम करताना तो आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवत नसे.

१९९० च्या एप्रिलमध्ये जानकीचा नवरा कृष्णनाथ ट्रकच्या फाळक्यावरून खाली पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. तो खाणीवर ट्रक चालवायचा, आडदांड, तोंडाळ आणि गमत्या माणूस. डॉक्टरांनी त्याला घरीच खाटेवर निजवले आणि पायाला दोरी बांधून, ती चाकावरून नेऊन, टोकाला पिशवीत विटा टांगल्या. सहा आठवडे हे वजन काढायचे नाही, उचलायचे नाही, हलवायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. दोरीचे चाक जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला बांधलेले, म्हणून खाट जनेलासमोर, खोलीच्या मधोमध. बरोबर डागाखाली.

नऊ मेच्या सकाळी जानकीने मला हाक मारली. तिचा आवाज दबलेला होता.

"बाई, जरा मच्छरदाणी बघा."

मच्छरदाणीच्या छतावर वाळू होती. ओंजळभर. मधोमध झोळ आला होता.

"रोज झाडते. काल मूठभर होती," ती म्हणाली.

"अगो, वरून देव तांदूळ टाकतो माझ्यावर. पुन्हा लग्न लावणार असेल," कृष्णनाथ आतून म्हणाला.

"गप्प राहा हो!"

तो हसला. पण आम्ही तिघेही वर बघत होतो. छत मधोमध खाली आल्यासारखे वाटत होते. ओल्या भागात भेग होती आणि भेगेतून पांढरट बारीक धागे लोंबत होते, जळमटासारखे. त्यांच्या टोकाशी थेंब जमायचा आणि खाली ठेवलेल्या बाल्दीत पडायचा. बाहेर ऊन रणरणत होते. पावसाचा एक थेंब पडला नव्हता. मग वर कुठेतरी कर्र असा आवाज झाला, दात खाल्ल्यासारखा, आणि कृष्णनाथच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याला उठून पळता येत नव्हते. त्याने फक्त जानकीचा हात धरला.

दुपारपर्यंत निरोप पोचून बाबली आला. छतावर तो हातोडी कधी वापरत नसे. बांबूच्या काठीने हळूच ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. कोपऱ्यात ठण् असा आवाज आला. दोन हात पुढे सरकल्यावर बद्द. आणखी पुढे, बद्द. खाटेच्या वर आल्यावर त्याने काठी लावली आणि न ठोकताच खाली घेतली. मला म्हणाला, "बाई, जरा भायर येया."

जिन्यात येऊन तो पायरीवर बसला.

"ह्या माज्या हातचा पाप आसा," तो म्हणाला. स्लॅब ओतायच्या दिवशी वाळू कमी पडली होती. मुकादमाने केरीच्या खाडीकडची वाळू मागवली, खारट. बाबलीने चाखून पाहिली होती. तो नवशिका, बोलला नाही. "मिठान लोखंड खाल्ल्यान. तेवीस वर्सां माका झोप नाय. म्हणान गिलावो करूक येय."

मग त्यानेच मान वर करून विचारले, "पण मीठ लोखंड खायत, पाणी खंयसून हाडतला? पाऊस नाय, काय नाय."

म्हापशाच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हा मुलींना रोज तारीख, हवा आणि घडलेली एक गोष्ट लिहायला लावली होती. ती सवय माझी गेली नाही. पाणी कुठून येते ते कळावे म्हणून मी वही आणली आणि एप्रिलची पाने काढली. अकरा ते एकोणीस एप्रिल नळाला पाणी नव्हते, जलवाहिनी फुटली होती. चौदा तारखेला लिहिले होते, 'जानकीकडचे टपटपणे थांबले.' एकवीस तारखेला लिहिले होते, 'पुन्हा सुरू.'

"नळ बंद, तर ठिपको बंद," बाबली म्हणाला. "पण वर नळ खंय आसा?"

वर नळ नव्हता. वर कुणी राहत नव्हते. वर फक्त एकच गोष्ट होती.

आम्ही दोघे एकाच वेळी उठलो आणि गच्चीवर गेलो. वृंदावन उन्हात उभे होते, तुळस हिरवीगार, वर सकाळचे कुंकू. नळ बंद होता तेव्हा आम्ही बायका फक्त पळीभर पाणी वाहून परतत होतो. एरवी आठ घरांचे आठ तांबे. रोज. बाबली वृंदावनाभोवती फिरला, खाली वाकला, पायाशी हात फिरवला आणि तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

"ह्याका भोक ठेवूक नाय मी," तो म्हणाला.

त्याला आठवले आणि मलाही आठवले, कारण तेव्हा मी तिथेच उभी होते. नवी नवरी होते. बाबली पाणी जायला पायाशी भोक ठेवणार होता. काकींनी थांबवले. गच्चीवर मुले खेळणार, बायका मिरच्या, कोकमाची सोले वाळत घालणार, तुळशीचे पाणी बाहेर वाहिले तर ते सगळ्यांच्या पायदळी येणार. "एक थेंब बाहेर येता कामा नये, बाबली." आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. बाबलीने खाली तळही घातला नव्हता, माती थेट स्लॅबवर भरली होती. इतकी वर्षे सगळे पाणी त्या एकाच जागी मुरत होते. बाबली ज्या वाळूला भीत होता ती राहिली बाजूला. आणि दर मे महिन्याला त्याने खालून दिलेले गिलाव्याचे थर छताला आणखी जड करत होते.

"आतल्या मातयेचा वजन धा-बारा मण तरी आसात," तो म्हणाला. "खाली तो माणूस बांदून घातलेलो."

काकी खाली त्यांच्या दारातच भेटल्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुळस हलवायची? मे महिन्यात? तुला वेड लागले रे बाबली?"

"काकी, स्लॅब पडतलो."

"तुझा स्लॅब वाईट, आणि दोष माझ्या तुळशीला?"

"वाईट आसा. तोय वाईट आसा," बाबली म्हणाला. "पण पाणी तिचा."

"सोमवारी देवळात प्रसाद लावून कौल घेऊ. देवाने उजवी कळी दिली तर हलवू."

"सोमवार पाच दिसांनी! देवाक इचारूक तुमका येळ आसा, कृष्णनाथाक नाय."

काकींनी दार लोटायला हात घातला. त्यांचे लग्न झालेले दोन मुलगे वारले होते आणि उरलेला एक, असे त्या मानत, या तुळशीने राखला होता. त्यांची भीती खोटी नव्हती. मी एवढेच म्हटले, "काकी, तुम्ही जानकीची खोली कधी पाहिलीत?" गुडघ्यांमुळे त्या पहाटे एकदाच, दांड्याला धरून, गच्चीपर्यंत चढायच्या आणि उतरायच्या. कुणाच्या घरात शिरत नसत.

त्या आल्या. दारात थांबल्या. कृष्णनाथ म्हणाला, "या काकी, माझ्या पायाला विटा बांधल्यात, पाया पडता येणार नाही." त्या वर बघत होत्या. मग जानकीला म्हणाल्या, "स्टूल दे." दोघींनी धरून त्यांना वर चढवले. त्यांनी हात उंच करून भेगेतून लोंबणारा एक धागा दोन बोटांत धरला, चुरडला आणि नाकाशी नेला.

आम्ही बारा वर्षे त्याला जळमट समजत होतो.

"ही मुळे," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या तुळशीची मुळे." आणि त्या क्षणी त्यांच्या कपाळावर वाळूची बारीक धार पडली. त्यांनी ती पुसली नाही. स्टुलावरून उतरून म्हणाल्या, "बाबली, मी काढून देते. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

डॉक्टरांकडे माणूस धाडला होता, पण ते बाहेरगावी गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. वजन काढायचे धाडस कुणी करेना. दार अरुंद, खाट खोलीतच ठोकून केलेली, आणि बाजूला सरकवावी तर दोरीचा ताण सुटला असता. बाबलीने पोफळीचे तीन खांब आणून छताला टेकू दिले. चौथा खाटेमुळे बसेना. जानकीला त्याने एक जाड फळी दिली. "ही त्याच्या डोक्यार आणि छातयेर धरून ऱ्हव. काय झाला तरी सोडू नको." ती खाटेवर चढून नवऱ्याच्या उशाशी गुडघ्यांवर बसली, फळी दोन्ही हातांनी तोलून.

गच्चीवर त्याने कुणाला येऊ दिले नाही. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर दोन लांब वासे टाकले आणि त्यांवर आडवी फळी, म्हणजे त्याचा स्वतःचा भार स्लॅबवर पडू नये. काकी तेवढ्या त्या फळीवरून सरकत गेल्या. त्यांनी तुळशीला हळद-कुंकू लावले, काहीतरी पुटपुटल्या आणि दोन्ही हातांनी ती मुळासकट उपटली. मुळे सुटताना जो आवाज झाला तो मी जिन्यातून ऐकला. खाली जानकी ओरडली. वाळू पडली होती, एवढेच.

मग बाबली फळीवर पालथा निजला आणि माती काढू लागला. पहार नाही, कुदळ नाही, थापीसुद्धा नाही. घाव बसला असता तर सगळे खाली गेले असते. त्याच्या हातात नारळाची करवंटी होती. करवंटी भरायची, मागे सरकून टोपलीत रिकामी करायची, पुन्हा पुढे सरकायचे. माती काळी, चिखलासारखी होती आणि तिला कुजका वास येत होता. दोन तास झाले, अडीच तास झाले. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होते. खालून जानकीचा आवाज यायचा, "बाई, किती राहिली?" वरून बाबली म्हणायचा, "इतभर." मी खाली सांगायचे, "वीतभर." मध्येच कृष्णनाथ म्हणायचा, "त्याला म्हणावे, सावकाश. मला कुठे जायचेय?"

रस्त्याने ट्रक जायचा तेव्हा बाबली हात उचलून स्तब्ध राहायचा. तो जाईपर्यंत आम्ही कुणीच श्वास घेत नव्हतो.

साडेचार वाजता खालून जानकी किंचाळली नाही, तर अगदी हळू म्हणाली, "बाई, बोट."

मी धावत दारात गेले. छताच्या मधोमध, मुळांच्या जागी, एक बोट बाहेर आले होते. भेगाळलेले, मातीने काळे. त्याच्या कडेने उजेडाची एक सुई खाली उतरली होती, थेट कृष्णनाथच्या गुडघ्यावर. वर बाबलीला कळलेही नव्हते. त्याला वाटले होते, अजून माती आहे. तिथे स्लॅब भिजलेल्या पावासारखा झाला होता आणि त्याचे बोट त्यातून आरपार गेले होते.

"बाबली!" मी ओरडले. "हात हलवू नको!"

बोट थांबले. मग अत्यंत सावकाश वर गेले. आणि ते गेले तशी त्याच्याभोवतीची परातीएवढी जागा, बारा थरांच्या गिलाव्यासकट, खाली आली.

फळीवर आदळून ती पायाकडे घसरली. धुरळ्यात काही दिसेना. जानकी फळी सोडत नव्हती, तिच्या मनगटातून रक्त येत होते. दोरी तुटली होती आणि विटा जमिनीवर. कृष्णनाथ ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. तेवढे मला पुरले. वर पाहिले तर भोकातून बाबलीचा चेहरा दिसत होता. तोंड उघडे आणि डोळे मिटलेले. डोळे उघडायची त्याची हिंमत होत नव्हती.

"आसा?" त्याने विचारले. "बाई, आसा काय तो?"

"आहे," मी म्हटले. "आहे रे."

कृष्णनाथचा पाय सांधला, पण दोन बोटे आखूड राहिला. पुढे तो लंगडत का होईना, ट्रकवर जायचा आणि बाबली दिसला की म्हणायचा, "मेल्या, तुझे बोट माझ्या स्वप्नात येते." उरलेली माती काढली, स्लॅबचा तो तुकडा तोडून नवा ओतला. काकींनी तुळस कुंडीत लावली, तळाला भोक असलेल्या, आणि खाली एक तांब्याचे ताट ठेवले. त्यात साचलेले पाणी त्या रोज झाडाला नेऊन घालायच्या. पायदळी काही आले नाही. इतके सोपे होते ते.

पण बाबलीचे त्या दिवशी संपले नाही. धुरळा खाली बसल्यावर तो माझ्या दारात आला. हातपाय धुतले नव्हते.

"बाई, वही काडा. ल्हिया."

आमचे वृंदावन बघून इतर इमारतींतल्या बायकांनी त्याला बोलावले होते. 'डिचोलीसारखे करून दे,' म्हणायच्या. त्यानेही तसेच करून दिले होते. भोक न ठेवता, माती थेट स्लॅबवर. तो आठवून सांगत गेला आणि मी लिहीत गेले. डिचोलीत आणखी दोन, साखळीला तीन, म्हापशाला तीन, पेडण्याला एक. एकूण नऊ.

पुढची तीन वर्षे तो रविवारी बसने त्या इमारती शोधत फिरला. "तुमच्या वरच्या मजल्यावरचे छत बघू द्या," म्हणायचा. साखळीला लोकांनी त्याला चोर समजून हाकलले. म्हापशाला एका घरी तो बारशाच्या गर्दीत शिरला, छत पाहिले आणि यजमानाला बाजूला घेऊन सगळे सांगितले. यजमानाने त्याला पेढा दिला आणि काही केले नाही. बाबली चार वेळा पुन्हा गेला. शेवटी स्वतः गच्चीवर चढून पायाशी भोक पाडून आला, शिव्या खात. दर खेपेला तो माझ्याकडे यायचा आणि मी त्या नावापुढे बरोबरची खूण करायचे. आठ खुणा झाल्या.

नववी झाली नाही. पेडण्याची इमारत त्याला सापडली नाही. हिरवी जनेले होती, एवढेच आठवायचे आणि जिन्याच्या भिंतीवर घोड्याचे चित्र. जनेले कुणी रंगवली असतील, भिंत कुणी धुतली असेल. तो पेडण्याच्या गल्ल्यांतून मान वर करून हिंडला. त्या दिवसांत ती सवय अंगात मुरली. १९९९ मध्ये, वारायच्या दोन महिने आधी, तो इब्रामपूरहून मला भेटायला आला होता. आत आला, वर पाहिले, बसला. चहा घेतला. जाताना विचारले, "पेडण्यातला कोण भेटलो काय तुमका?"

कुणी भेटला नव्हता. ते पान अजून माझ्याकडे आहे.

पेडण्यात जुन्या इमारतीत कुणी राहत असाल आणि गच्चीवर तुळस असेल, तर आज वर जा आणि तिच्या पायाशी भोक आहे का ते बघा. नसेल तर आधी खालच्या खोलीतली माणसे बाहेर काढा. माती काढताना पहार घेऊ नका. करवंटी घ्या.